टोराजात मयतीला पाहुणे म्हणून जाताना

तुमचा प्रश्न मला नीट कळलाय ना, ते आधी तपासतो. दिवाळीच्या सुट्टीत बालीला चाललायत, हाताशी तीन दिवस जास्तीचे आहेत. इंडोनेशियातल्याच सुलावेसी बेटावर टोराजा लोक शवपेटीतून पणजोबांना बाहेर काढतात, ऊन दाखवतात, नवे कपडे घालतात, असा व्हिडिओ पाहिलात. हे कुठल्या तारखेला असतं, तिकीट कुठे मिळतं, ११ वर्षांच्या मुलीला आणि ६८ वर्षांच्या शाकाहारी आईला नेता येईल का, असं विचारलंत. आणि जाता जाता एक वाक्य टाकलंत: हे खरं असतं की पर्यटकांसाठी केलेला देखावा?

तारखेचं आणि तिकिटाचं उत्तर एका ओळीत संपतं. तिकीट नसतं आणि तारीख ते कुटुंब ठरवतं. पण तेवढ्यावर निघालात तर फजिती होईल. मी गेली १४ वर्षं मराठी मंडळींचे छोटे गट इंडोनेशियात नेतो, टोराजाला ९ वेळा गेलोय, आणि पहिल्या खेपेला माझी जी शोभा झाली ती तुमची होऊ नये म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गल्लत इथेच दूर करू. तुम्ही पाहिलेला विधी म्हणजे मा'नेने. तो अंत्यविधी नाही. आधीच गेलेल्यांची ती देखभाल आहे. शवपेट्या उघडायच्या, देह झाडून-पुसून घ्यायचे, कपडे बदलायचे, पेटी खराब झाली असेल तर नवी करायची. हे टोराजाच्या उत्तरेकडच्या डोंगरी गावांत, बारुप्पू वगैरे भागात होतं, साधारण ऑगस्टमध्ये, भाताची कापणी झाल्यावर. किती वर्षांनी करायचं ते गावागणिक वेगळं, बऱ्याच ठिकाणी तीन वर्षांनी. म्हणजे दिवाळीत तुम्हाला मा'नेने मिळणार नाही, आणि 'मिळवून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. 'मृतदेह चालत घरी येतात' असे जे व्हिडिओ फिरतात त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

दुसरा, टोराजाचा मुख्य विधी म्हणजे रांबू सोलो, प्रत्यक्ष अंत्यविधी. शब्दाचा अर्थ 'उतरता धूर'. दुपारनंतर, सूर्य कलायला लागल्यावर जे विधी होतात ते मरणाचे. घर बांधणं, लग्न, सुगी यांचे विधी सकाळचे, ते 'चढत्या धुराचे', रांबू तुका. दोन्ही एकमेकांत मिसळायचे नाहीत. पाहुण्याला हजर राहता येण्याची खरी शक्यता रांबू सोलोची. माझा सल्ला असा, की मा'नेनेच्या मागे धावू नका. तिथे घरचे लोक आपल्या आईच्या चेहऱ्यावरची धूळ पुसत असतात, अंगण लहान असतं आणि तुमच्यासारखे वीस जण मोबाईल उंचावून उभे असतात. मी एकदा गेलो. पुन्हा कुणाला घेऊन गेलो नाही. दुसऱ्या कुणाचं मत वेगळं असू शकतं. काही कुटुंबं परक्यांचं मनापासून स्वागत करतात हे मी नाकारत नाही.

आता 'हे खरं की देखावा' याकडे येतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

टोराजात माणूस गेला की लगेच 'गेला' असं म्हणत नाहीत. त्याला 'तो माकुला' म्हणतात, म्हणजे आजारी माणूस. देह घरातच, पारंपरिक घर असेल तर दक्षिणेकडच्या खोलीत ठेवतात. हल्ली त्यासाठी फॉर्मॅलिन वापरतात. रोज जेवण दाखवतात, कॉफी ठेवतात, सिगारेट ओढणारा असेल तर सिगारेटही. घरात शिरताना त्याला सांगून शिरतात. हे काही महिने चालतं, कधी काही वर्षं. अंत्यविधी सुरू झाला की मगच तो माणूस खऱ्या अर्थाने मेला, आणि त्याचा आत्मा दक्षिणेकडच्या पुया नावाच्या लोकाला निघाला.

माझ्या गटातले लोक हे ऐकून हमखास हसतात. मी त्यांना विचारतो, आपल्याकडे बांगडी फुटते का? नाही, ती वाढते. मंगळसूत्रही वाढतं. दिवा आपण विझवत नाही, शांत करतो. रात्री वाणी दुकान बंद करत नाही, वाढवतो. नको ती गोष्ट तोंडाने न उच्चारण्याची कला आपल्याला शिकवावी लागत नाही. टोराजांनी एक शब्द पुढे ढकलला आणि त्या शब्दाबरोबर सगळा शोक पुढे ढकलला, एवढंच.

पुढे का ढकलतात, त्याचं कारण मात्र भावनेइतकंच हिशोबाचं आहे. आत्म्याला पुयाला पोचवतात रेडे. म्हणून रेडे कापावे लागतात, आणि घराणं जितकं मोठं तितके जास्त. टोराजा समाजात वरच्या-खालच्या पायऱ्या पूर्वीपासून आहेत. वरच्या घराण्याच्या सर्वांत मोठ्या विधीला २४ किंवा त्याहून जास्त रेडे लागतात, डुकरं वेगळी. साध्या रेड्याला आपल्या पैशांत लाख-दीड लाख सहज पडतात. पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा, निळसर डोळ्यांचा जो 'तेडोंग बोंगा' असतो त्याची किंमत दहा लाखांच्या पुढे जाते. शिंगांची लांबी हाताला लावून मोजतात आणि त्यावर भाव ठरतो. राँतेपाओ गावाजवळ बोलूचा गुरांचा बाजार आहे, तिथे एक सकाळ घालवलीत तर हा समाज तुम्हाला कुठल्याही संग्रहालयापेक्षा जास्त समजेल. मालक रेड्याला अंघोळ घालताना, कुरवाळताना दिसतील. शेतात त्याला जुंपत नाहीत, म्हणजे तो जवळजवळ ठेवीसारखाच.

हा पैसा एकटं कुटुंब उभा करत नाही. नातेवाईक रेडा आणतात, डुक्कर आणतात, आणि दारातच कुणीतरी वही घेऊन बसलेलं असतं. कुणी काय आणलं, केवढं आणलं, सगळं लिहिलं जातं. उद्या त्यांच्याकडे मयत झालं की तेवढंच परत न्यायचं. मुलांनी-नातवंडांनी नेलं तरी चालतं, पण फेडायचंच. शेजारीच सरकारी माणूस बसून कापल्या जाणाऱ्या प्रत्येक जनावरावरची पट्टी गोळा करतो. मी पहिल्यांदा ती वही पाहिली तेव्हा मला आमच्या घरच्या आहेराच्या वह्या आठवल्या. आजी कपाटाच्या तळाशी ठेवायची: '१ पातळ, १ खण, ५१ रुपये', आणि लग्नाला निघण्याआधी ती काढून बघायची. तोच कागद, तोच हिशोब, फक्त खणाच्या जागी रेडा. पूर्वी वारसाहक्कही याला जोडलेला असे. आई-बापाच्या मयतीला ज्याने जास्त रेडे दिले, त्याला जमिनीत जास्त वाटा. म्हणून परगावी, पापुआ-कालीमांतानच्या खाणींत किंवा जकार्तात नोकरी करणारी मुलं वर्षानुवर्षं पैसे साठवतात, आणि सगळ्या भावंडांना रजा मिळेल अशी तारीख निघेपर्यंत आजोबा 'आजारी'च राहतात.

म्हणून तो देखावा नाही. तुमच्या तीन दिवसांसाठी कुणी दहा लाखांचा रेडा कापत नाही. पण उलट टोकही खरं नाही. पर्यटक आले की यजमानांची प्रतिष्ठा वाढते, लांबून आलेले पाहुणे म्हणजे घराण्याचा मान, आणि १९७० च्या दशकापासून पर्यटन वाढलं तसे विधी अधिक थाटाचे झाले हेही टोराजा लोक स्वतः सांगतात. शिकलेल्या तरुण मुलांत यावर वाद आहेत. कर्ज काढून रेडे कशाला, त्या पैशांत पोराचं शिक्षण झालं असतं. हे वाद ऐकताना मला सतत आपल्याकडच्या लग्नांचे वाद ऐकू येतात.

एक गोष्ट आमच्या गटात दरवेळी निघते, म्हणून आधीच सांगतो. कुणीतरी गाईडकडून ऐकतं की यांचा मूळ धर्म, आलुक तो दोलो म्हणजे 'पूर्वजांची वाट', इंडोनेशिया सरकारने १९६९ साली हिंदू धर्मात नोंदवला. मग रेडा म्हणजे यमाचं वाहन, दक्षिण म्हणजे यमाची दिशा, 'बघा, सगळं आपलंच!' असा जयघोष सुरू होतो. नोंद खरी आहे, पण ती कायद्याची सोय होती. मान्यताप्राप्त धर्मांच्या यादीत कुठेतरी बसावं लागत होतं. आजचे बहुतेक टोराजा ख्रिस्ती आहेत. डच सत्ता १९०६ मध्ये तिथे पोचली, पाठोपाठ मिशनरी आले, आणि त्यांनी जुन्या चालीरीतींमधलं 'धर्म' आणि 'रूढी' वेगळं करून अंत्यविधीचा बराचसा भाग रूढी म्हणून राहू दिला. त्यामुळे आज तुम्हाला एकाच मांडवात पास्टरची प्रार्थना लाउडस्पीकरवर ऐकू येईल, आणि रात्री त्याच अंगणात माणसं हातात हात गुंफून गोल धरतील आणि मा'बादोंग म्हणतील, गेलेल्याच्या आयुष्याची गाथा संथ सुरात, पहाटेपर्यंत. साम्यं जरूर बघा, मीही वर दिलीच आहेत. तिथल्या माणसाला मात्र 'तुम्ही मूळचे आमचेच' असं सांगू नका.

आता माझी शोभा. पहिल्या खेपेला १४ जणांचा गट होता, सगळ्यांनी आमच्या सहलीचे केशरी टी-शर्ट घातलेले. शोकाच्या घरी काळे-गडद कपडे घालायचे हे मला माहीत होतं, पण सकाळी गडबडीत म्हटलं, परदेशी माणसांना कोण काय म्हणतंय. पोचलो, आणि दिसला पहिला मोकळा मांडव तिथे बसलो. अंगणाभोवती बांबूचे तात्पुरते मांडव उभारलेले असतात, त्यांना लांतांग म्हणतात, आणि त्यांवर नंबर असतात. प्रत्येक नंबर एका कुळाचा. आम्ही मयताच्या मोठ्या मुलीच्या सासरच्या मांडवात ऐसपैस बसलो होतो. ती मंडळी आली, काही न बोलता बाजूला उभी राहिली, आणि त्यांनीच आम्हाला कॉफी दिली. आम्ही हात हलवत गेलो होतो. संध्याकाळी कळलं की आमच्या वतीने गाईडने स्वतःच्या खिशातून सिगारेटचं खोकं नेऊन दिलं होतं. तो माणूस मला एक शब्द बोलला नाही. त्याचे पैसे द्यायला गेलो तर घेईना.

तेव्हापासून माझा नियम असा आहे: आपण बघायला चाललो नाही, मयतीला चाललो आहोत. पोस्टमनच्या घरी, शाळेतल्या बाईंच्या घरी जाताना आपण जे करू तेच. गडद कपडे, खांदे आणि गुडघे झाकलेले. सोबत स्थानिक टोराजा गाईड हवाच, मकास्सरहून, म्हणजे सुलावेसीच्या मोठ्या शहरातून, आणलेला नाही, कारण कुठल्या घरी विधी आहे, कुणाकडे आपलं जाणं योग्य, हे त्याच्या नात्यागोत्यांतून ठरतं. आत गेल्यावर तो सांगेल तिथेच बसायचं. घरच्या मोठ्यांना भेट द्यायची. रिवाज सिगारेटच्या खोक्याचा आहे. माझ्या गटातल्या एका डॉक्टरबाईंनी ठाम नकार दिला, आणि त्यांचं बरोबरच होतं. आता आम्ही साखर आणि कॉफी देतो, माणशी एक किलो साखर, आणि ती आनंदाने घेतली जाते. पैशांचं पाकीट देऊ नका. फोटोला बहुतेक ठिकाणी कुणी हरकत घेत नाही, उलट घरचेच व्हिडिओवाला बोलावतात. पण शवपेटीसमोर उभं राहून सेल्फी नको, आणि मिरवणुकीच्या वाटेत तर अजिबात नको. पेटी खांद्यावर घेतलेली माणसं ओरडत, हेलकावे देत, कधी एकमेकांवर पाणी उडवत येतात. आपल्याला ते शोकाचं वाटणार नाही. ते तसंच असतं.

मुलीबद्दल. विधी अनेक दिवस चालतो आणि सगळे दिवस सारखे नसतात. पाहुण्यांच्या स्वागताचा दिवस वेगळा. त्या दिवशी कुळामागून कूळ काळ्या कपड्यांत रांगेने येतं, जनावरं आणतात, पानसुपारी होते, चहा-कॉफी आणि गोड खाऊ फिरतो. तो दिवस ११ वर्षांच्या मुलीला दाखवण्यासारखा आहे, तिला आधी नीट समजावून सांगितलंत तर. तरी त्या दिवशीही एखादं डुक्कर बांबूला बांधून किंचाळत असतं, ते तिला माहीत असू द्या. रेडे कापण्याचा दिवस वेगळा. उघड्या अंगणात, एका घावात गळा चिरतात, रेडा लगेच पडतोच असं नाही, आणि रक्त दूरवर जातं. तिथे मी मुलांना नेत नाही, आणि मोठ्यांनाही आदल्या रात्री स्पष्ट विचारतो. माझ्या गटातला एक धडधाकट, पट्टीचा मांसाहारी गृहस्थ तिथे चक्कर येऊन खाली बसलाय. दिवस कुठला आहे हे गाईडला आदल्या दिवशी विचारायचं, एवढं केलंत तर मुलीचा प्रश्न सुटतो. कांबिराला एक जुनं झाड आहे, दात येण्याआधी गेलेल्या बाळांना त्याच्या खोडात पोकळी कोरून तीत ठेवत आणि वर ताडासारख्या झाडाच्या तंतूंचं दार लावत. तिथे मुलीला न्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. झाडाला दुधासारखा चीक असतो म्हणून तेच निवडत, हे कळल्यावर माझ्या गटातल्या बायका हमखास गप्प होतात.

आईंची मला मुळीच काळजी वाटत नाही. माझा अनुभव असा की साठीच्या पुढच्या बायका अशा ठिकाणी सर्वांत सहज वावरतात, कारण मयताच्या घरी कसं बसायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. त्रास झालाच तर चढउतारांचा होईल. लेमोचे कडे खालून दिसतात. खडकात खोदलेली थडगी आणि सज्जात ओळीने उभे असलेले लाकडी तौ-तौ पुतळे, म्हणजे गेलेल्यांच्या प्रतिमा. जुने बरेच पुतळे १९८० च्या दशकात चोरीला जाऊन परदेशी बाजारात विकले गेले, त्यामुळे सगळेच जुने नाहीत. लोंदाच्या थडग्यांच्या गुहेत मात्र पेट्रोमॅक्सच्या उजेडात वाकून शिरावं लागतं, तिथे आईंना बाहेर बसवा. कवट्यांना हात लावायचा नाही, हे सांगायला नको, तरी दर गटात एकाला सांगावं लागतं.

जेवणाचं: विधीच्या घरी जेवण म्हणजे डुकराचं किंवा रेड्याचं मांस, बहुतेकदा बांबूच्या नळीत भाजलेलं, पा'पिओंग. शाकाहारी माणसाने कॉफी आणि एखादी गोड वडी घेतली की पुरे, मांस नाकारलंत तर ते समजून घेतात, पण कॉफी तरी घ्याच. टोराजाची कॉफी उत्तम असते. राँतेपाओत भात, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, पालेभाजी मिळते. 'तिदाक माकान दागिंग, तिदाक माकान इकान', मांस खात नाही, मासे खात नाही, ही दोन वाक्यं पाठ करा आणि वर 'तेरासी नको' म्हणा. ती कोळंबीची पेस्ट असते आणि चटणीत लपते.

आता वेळेचं गणित, जिथे तुमचा बेत फसतो. बालीहून मकास्सरपर्यंत विमान दीड तासाचं, पण तिथून राँतेपाओ तीनशेहून जास्त किलोमीटर, घाटरस्त्याने ८-९ तास. टोराजात विमानतळ झालाय, २०२१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, पण तिथल्या उड्डाणांच्या भरवशावर परतीचं तिकीट काढू नका. तीन दिवसांपैकी दोन प्रवासात जातील. किमान चार रात्री हव्यात, त्यातल्या तीन राँतेपाओत. अंत्यविधींचा मुख्य हंगाम जुलै ते सप्टेंबर, आणि पुन्हा डिसेंबर, नाताळला सगळे घरी येतात म्हणून. दिवाळीत एखादा लहान विधी मिळूही शकतो, पण त्याच्या आशेवर आईंना नऊ तास बसमध्ये बसवू नका.

म्हणून, तुमच्या जागी मी असतो तर या दिवाळीत नुसतं बाली केलं असतं आणि मुलीच्या नाताळच्या सुट्टीला चार दिवसांची रजा जोडून टोराजा वेगळं केलं असतं. पाऊस असेल, राँतेपाओतली हॉटेलं भरलेली असतील, तेव्हा खोली आणि गाईड ऑक्टोबरातच पक्के करा. गाईडला पहिल्या निरोपात तारीख विचारू नका. आम्ही पाच जण किंवा तीन जण, जे असाल ते, एवढ्या दिवसांत येतोय, कुणाच्या घरी आमचं येणं चालेल, असं विचारा. राँतेपाओत डोंगरी गारवा असतो, आईंसाठी एक स्वेटर घ्या. साखर आणि कॉफी तिथेच बाजारात घ्या, इथून ओझं नेऊ नका.